शेंडेफळ : ओवेन हार्ट (१९६५–१९९९)

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं मला काही विचारू नका. मराठी विभागाच्या संपादकांनी ते बघून घ्यायचं कबूल केलंय, म्हणून तर हे धाडस करतेय.

एखाद्या दिवंगत व्यक्तीचं चरित्र लिहा, अशी नोटीस लागली तेव्हा सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे विश्वेश्वरय्या आणि कलाम सर वाटून घेतले. मी रेसलरवर लिहिणार म्हटल्यावर माझी रूममेट अर्धा तास हसत होती. एक तर मुलगी, त्यात डब्ल्यूडब्ल्यूएफ! पण मी मेकॅनिकलची आहे आणि या माणसाचा मृत्यू एका हुकमुळे झाला. तो हुक काही माझ्या डोक्यातून जात नाही.

झालं असं की गेल्या मे महिन्यात आजोळी गेले होते. धाकट्या मामाच्या जुन्या ट्रंकेत रबरबँड लावलेला पत्त्यांचा जोड सापडला. खेळायचे पत्ते नाहीत, ते रेसलरचे ट्रम्प कार्ड. रँक, उंची, वजन, छाती, लढती. आपल्या आधीच्या पिढीचं बालपण म्हणे याच्यावर गेलं. त्यात एक पत्ता होता ओवेन हार्टचा. ना उंचीत मोठा, ना वजनात. हा पत्ता वर आला की डाव गेलाच. मामाने मात्र तो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग त्याने जे सांगितलं, ते ऐकून मी इकडे येऊन वाचायला, बघायला सुरुवात केली. सबमिशनच्या आठवड्यात, अर्थात.

ओवेनचा जन्म ७ मे १९६५ चा, कॅनडातल्या कॅलगरी शहरातला. आई हेलन, वडील स्टू हार्ट. बारा भावंडांत ओवेन सगळ्यात धाकटा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं शेंडेफळ. स्टू हार्ट हे स्वतः कुस्तीगीर आणि स्टॅम्पीड रेसलिंग नावाच्या कंपनीचे मालक. घराच्या तळघरात त्यांनी तालीम केली होती. आखाड्यात लाल माती असते, इथे मॅट होती, एवढाच काय तो फरक. त्या तळघराला सगळे डंजन म्हणायचे, म्हणजे अंधारकोठडी. नवीन पोरगा आला की स्टू त्याला असा काही पिळायचे की त्याच्या किंकाळ्या वर स्वयंपाकघरात ऐकू जायच्या. आठही मुलगे या ना त्या प्रकारे याच धंद्यात आले आणि चारही मुलींनी रेसलरशीच लग्नं केली. आपल्याकडे डॉक्टरच्या घरात सगळे डॉक्टर होतात ना, तसंच.

ओवेनला हे नको होतं. कॅलगरी विद्यापीठात तो खरी, म्हणजे ऑलिंपिकवाली कुस्ती खेळला. दुसरं काहीतरी करावं, असं त्याच्या मनात होतं. मार्था ही त्याची तेव्हापासूनची मैत्रीण, तिला तर रेसलिंगचं काही कौतुकच नव्हतं. पण घरचा धंदा तयार होता, अंगात कला होती आणि १९८६ मध्ये तो वडिलांच्या कंपनीत उतरला. (घरच्यांनी ठरवलेल्या ब्रँचला आलेल्यांनी इथे थोडं थांबून उसासा टाकावा.)

कला मात्र खरोखरच होती. यूट्यूबवर त्याच्या तेव्हाच्या मॅच बघा. दोरावरून उलटी उडी मारून तो मांजरासारखा पायावर उतरतो. मे १९८८ मध्ये जपानला जाऊन त्याने तिथलं आयडब्ल्यूजीपी ज्युनिअर हेवीवेट विजेतेपद घेतलं, आणि ते घेणारा तो जपानबाहेरचा पहिला खेळाडू. त्याच वर्षी अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला घेतलं, पण तोंडावर निळा मुखवटा चढवून आणि अंगावर पिसांची केप घालून. नाव दिलं ब्लू ब्लेझर. ते काही फारसं चाललं नाही. पुढच्या वर्षी त्याने कंपनी सोडली. १ जुलै १९८९ ला मार्थाशी लग्न केलं. मधल्या काळात अग्निशमन दलात नोकरी मिळते का तेही बघून झालं. ती मिळाली असती तर हा लेख झाला नसता. १९९१ मध्ये तो परत डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला.

आता मला माहीत आहे, मागच्या बेंचवरून कोण काय म्हणणार ते. हे सगळं खोटं असतं. हो, कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पण आपटणं ठरवून होत असलं तरी ते आपटणंच असतं. समोरच्याची मान तुमच्या हातात असते आणि तुमची त्याच्या. ती सांभाळून, बघणाऱ्याला मात्र जीव गेला असं वाटायला लावायचं, ही खरी कारागिरी. त्यात ओवेन एक नंबर होता. चूक त्याच्याकडूनही झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनला पाइलड्रायव्हर मारताना ऑस्टिनचं डोकं मॅटवर आपटलं आणि काही क्षण त्याचे हातपाय हलेनात. ओवेन प्रेक्षकांकडे बघून डिवचत वेळ काढत राहिला, ऑस्टिनला हलता येईपर्यंत. मग ऑस्टिनने कसंबसं त्याला गुंडाळलं आणि ठरल्याप्रमाणे ऑस्टिन जिंकला. ऑस्टिनला त्या मानेचा त्रास पुढे कायमचा राहिला.

पण ओवेनची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे भावाशी भांडण. ब्रेट हार्ट, हिटमॅन, गुलाबी-काळा पोशाख, त्या काळातला सगळ्यांचा हिरो. १९९४ च्या जानेवारीत ओवेनने त्याच्या दुखऱ्या पायावर लाथ मारली आणि कायम थोरल्या भावाच्या सावलीत राहिल्याचा राग टीव्हीवर ओकला. २० मार्च १९९४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया १० ची पहिलीच मॅच या दोघांची झाली, आणि धाकटा जिंकला, सरळ, काही लबाडी न करता. ही मॅच मी तीनदा बघितली. घरात धाकटं असणाऱ्या कोणालाही ती बघताना आपण ओवेनच्या बाजूचे आहोत हे कबूल करावं लागेल, भले तो व्हिलन असो. त्याच वर्षी तो किंग ऑफ द रिंग झाला. पुढे योकोझुनाबरोबर आणि मग मेहुणा डेव्ही बॉय स्मिथबरोबर जोडीची विजेतेपदं मिळाली. एकट्याने सगळ्यात वरचा पट्टा मात्र त्याला कधीच मिळाला नाही.

टीव्हीवरचा हा कुरकुऱ्या माणूस प्रत्यक्षात भलताच खोडकर होता. फोनवर आवाज बदलून तो खुद्द वडिलांनाही बनवायचा. आणि पैशाला चिकट! बाकीचे रेसलर पार्ट्यांत पैसे उडवत असताना हा स्वस्तातलं हॉटेल शोधायचा. कारण साधं होतं. लवकर पैसे साठवायचे आणि हे सगळं सोडून घरी बसायचं. घरी मार्था, १९९२ मध्ये झालेला ओजे आणि १९९५ मध्ये झालेली अथीना. मेसचे तीस रुपये वाचवायला चालत शहरात जाणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीची मला सारखी आठवण येत होती.

नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियलला कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहनने ब्रेटला न सांगता मॅचचा निकाल फिरवला. हे प्रकरण प्रसिद्ध आहे, त्यावर दुसऱ्या कोणीतरी लिहावं. ब्रेट गेला, डेव्ही बॉय गेला. ओवेनचा करार सुटला नाही, तो एकटाच मागे राहिला. नंतर कंपनीने त्याला एक कथानक सुचवलं, सहकारी स्त्रीबरोबरच्या लफड्याचं. घरी मुलं टीव्ही बघतात, असं म्हणून त्याने नकार दिला. मग १९९८ च्या शेवटी जुना निळा मुखवटा पुन्हा बाहेर निघाला. या वेळी विनोद म्हणून. मुलांना व्हिटॅमिन खा, प्रार्थना करा असं सांगणारा आणि स्वतः धडपडणारा सुपरहिरो. सुपरहिरो असल्यामुळे त्याने छतावरून उतरायचं.

आता हुककडे येते. २३ मे १९९९, रविवार. अमेरिकेत मिझुरी राज्यातलं कॅन्सस सिटी, केम्पर अरीना, १६ हजारांवर प्रेक्षक. कार्यक्रमाचं नाव ओव्हर द एज. ठरलं होतं असं : ब्लू ब्लेझर छतावरून दोरीने खाली येणार, रिंगच्या थोडं वर अडकल्यासारखं करणार, मग स्वतःच हुक सोडून तोंडावर आपटणार. लोक हसणार. म्हणजे हुक झटकन सुटायला हवा. त्यासाठी जो वापरला तो स्नॅप शॅकल, शिडाच्या होडीत दोरी पटकन मोकळी करायला असतो तो. कोर्टात पुढे जे मांडलं गेलं त्यानुसार तो उघडायला ६ पौंडांची ओढ पुरत होती. ६ पौंड म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. माझी लॅपटॉपची बॅग सुद्धा याहून जड आहे.

गंमत बघा (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही). शंभर किलोचा माणूस पेलायला हुक कमी पडला नाही. तो तुटला नाही, वाकला नाही. त्याला ज्या कामासाठी बनवलं ते त्याने केलं, झटकन सुटला. फक्त जमिनीपासून ७८ फुटांवर असताना. मशीन डिझाइनच्या तासाला आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी काढतो तेव्हा मटेरियल फेल होईल का एवढंच बघतो. इथे ते गणित बरोबरच आलं असतं. दुसरा दोर नव्हता, दुसरं कुलूप नव्हतं. मी हिशेब करून बघितला. ७८ फूट म्हणजे २३.८ मीटर, सव्वादोन सेकंदांच्या आसपास वेळ, खाली येताना वेग ताशी साधारण ७८ किलोमीटर. दोनदा केला, तेच उत्तर आलं. मग वही मिटून मेसमध्ये गेले.

छातीकडून तो वरच्या दोरावर पडला आणि रिंगमध्ये फेकला गेला. टीव्हीवर त्या वेळी आधी रेकॉर्ड केलेली फिल्म चालू होती, म्हणून घरच्या प्रेक्षकांना पडताना दिसला नाही. आतली महाधमनी फाटली होती. हॉस्पिटलमध्ये तो गेल्याचं जाहीर झालं. वय ३४. ओजे ७ वर्षांचा, अथीना ३ वर्षांची. कॅलगरीजवळ त्यांचं नवं घर होत आलं होतं. ब्रेट तेव्हा विमानात होता, त्याला बातमी वाटेत कळली.

आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. त्याच रिंगमध्ये. त्याचा जिवलग मित्र जेफ जॅरेट याला लगेचच कॅमेऱ्यासमोर जावं लागलं. समालोचक जिम रॉसने टीव्हीच्या प्रेक्षकांना मृत्यूची बातमी सांगितली, अरीनात बसलेल्यांना कोणी सांगितली नाही. ते टाळ्या वाजवत, ओरडत शेवटपर्यंत बसून होते. दुसऱ्या दिवशी सेंट लुईसला सगळा कार्यक्रम त्याच्या आठवणींचा झाला, धिप्पाड माणसं कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली. ते खरं रडणं आहे, हे कोणालाही कळतं. पण आदल्या रात्री कार्यक्रम थांबवला नाही, ते काही त्याने पुसलं जात नाही, असं माझं मत.

वरून उतरणं त्याला आवडत नव्हतं, असं मार्थाने नंतर सांगितलं. मग नाही का म्हणाला नाही? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, एकदा नाही म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणणं फार जड जातं. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात (कुठल्या ते नका विचारू) माझा एक बॅचमेट बॅनर बांधायला शिडीवरून पाइपवर चढला. बेल्ट नव्हता. पाहुणे येऊन बसले होते, मागून सगळे घाई करत होते. खाली शिडी धरून मी उभी होते. चढण्याआधी त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बॅनर सरळ लागला, फोटो चांगले आले.

मार्था गप्प बसली नाही. तिने कंपनीवर खटला भरला आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातल्या पैशातून तिने ओवेनच्या नावाने संस्था काढली, गरजू मुलांच्या शिक्षणासाठी. स्वतः केंब्रिजला जाऊन पीएच.डी. केली. कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घालायला तिने कायम नकार दिला. २०२२ पासून एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत मात्र तिच्या संमतीने ओवेनच्या नावाचा चषक खेळला जातो.

बाकीचे पत्तेही मी शोधून काढले. ब्रायन पिलमन, १९९७, वय ३५. योकोझुना, २०००, वय ३४. डेव्ही बॉय स्मिथ, २००२, वय ३९. मिस्टर परफेक्ट, २००३, वय ४४. बहुतेकांची हृदयं थकली, काहींना गोळ्या आणि नशेने खाल्लं. ओवेन त्यातल्या कशाच्याच वाटेला गेला नव्हता.

मामा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. बातमी गल्लीत आली तेव्हा त्याला आणि त्याच्या गँगला वाटलं, हीसुद्धा स्टोरीच आहे. थोड्या दिवसांनी नवा मुखवटा घालून येईल परत. दर आठवड्याला ते केबलवर वाट बघायचे. किती महिने, ते मामाने सांगितलं नाही. पत्ता सध्या माझ्या ड्रॉइंगच्या बॉक्समध्ये आहे, त्याने परत मागितलाय. दिवाळीत नेऊन देणार आहे.