ज्यूल व्हर्न आणि आमचा धाकटा

भगिनींनो, मी काही लेखिका नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतच. पण यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने एका प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, आणि जिजाबाई, सावित्रीबाई, आपल्या बहिणाबाई ही नावे माझ्या आधीच घेतली गेली. म्हणून मी एक परदेशी गृहस्थ निवडले आहेत. ते आमच्या घरात कसे आले तेही सांगितले पाहिजे.

आमचा धाकटा सातवीत गेला तरी पुस्तकाला हात लावीना. धडा वाच म्हटले की पोट दुखायचे. मोबाइल मात्र रात्री पांघरुणातसुद्धा. मी बोलले, रडले, एकदा हातही उचलला. मला पुढे शिकायला मिळाले नाही, त्यामुळे माझा जीव जास्तच तुटे. वाचनालयातून बोधकथा आणाव्या, आठ दिवसांनी तशाच परत कराव्या. शेवटी तिथल्या बाईंनी भा. रा. भागवतांचे 'चंद्रावर स्वारी' माझ्या हातात ठेवले. फास्टर फेणे लिहिणारे तेच हे भागवत. मूळ कथा ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाची, १८६५ सालची. भली मोठी तोफ जमिनीत ओतायची आणि तिच्या गोळ्यात माणसे बसवून चंद्राकडे उडवायची! ही तोफ अमेरिकेतल्या फ्लोरिडातून सुटते. पुढे १९६९ साली खरी माणसे चंद्रावर गेली तीही फ्लोरिडातूनच.

दुसऱ्या दिवशी पोराने जेवताना विचारले, की तोफ उडाल्यावर आतल्या माणसांचा चेंदामेंदा कसा झाला नाही? पुस्तकाविषयी त्याने आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. मला उत्तर येईना. ह्यांनी सांगितले, की झालाच असता. त्यावर तो आणखीच खूश झाला. मग मी थोरल्या मुलीला, ती कॉलेजात आहे, ह्या लेखकाची माहिती काढून मला समजावून सांगायला लावले.

व्हर्न यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नान्त ह्या बंदराच्या गावी झाला. घरापासून जहाजे दिसत. वडील वकील. मुलाने वकिली पुढे चालवावी म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला धाडले. मुलगा कायद्याची परीक्षा पास झाला, पण मन नाटके लिहिण्यात. नाटकांवर पोट भरेना. १८५७ साली त्यांनी ओनोरीन नावाच्या, दोन मुली असलेल्या विधवेशी लग्न केले. संसार चालविण्यासाठी वडिलांकडून पैसे घेऊन शेअरबाजारात दलाली धरली. पहाटे उठून लिहायचे, मग बाजारात जायचे, आणि सवड मिळाली की ग्रंथालयात बसून भूगोल, यंत्रे, तारे यांची टिपणे काढायची, असा क्रम. १८६२ साली हेत्झेल नावाचे प्रकाशक भेटले आणि पुढल्याच वर्षी विमान-बिमान नसलेल्या काळात फुग्यातून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी निघाली. ती इतकी खपली की दलाली सुटली. त्यानंतर पृथ्वीच्या पोटातला प्रवास, समुद्राखालची पाणबुडी, अशी पन्नासहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. त्या पाणबुडीचा कप्तान नेमो हा खरे म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावन्नच्या बंडात लढलेला, हे दुसऱ्या एका कादंबरीत उघड होते. ते ऐकून मला फार अप्रूप वाटले.

आता आपल्या गावची गोष्ट. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची जी त्यांची कादंबरी १८७२ साली आधी वर्तमानपत्रातून आली, तिच्यात फॉग नावाचे साहेब मुंबईहून कलकत्त्याकडे आगगाडीने निघतात. सकाळी गाडी खानदेशातून जाते आणि दुपारी साडेबाराला बऱ्हाणपुरास थांबते. तिथे साहेबांचा नोकर खोट्या मोत्यांनी मढवलेल्या चपला विकत घेतो. तापीचेही नाव आहे. म्हणजे गाडी आपल्याच पुलावरून, सावदा-रावेरकडून गेली असणार, पण भुसावळचा उल्लेख नाही! हे लोकोशेडमध्ये नोकरीला, त्यांना ते भारी लागले. त्यांनी आणखी एक चूक काढली. पुस्तकात पुढे रूळ संपतात म्हणून साहेब हत्ती विकत घेतात, पण मुंबई-कलकत्ता मार्ग तर १८७० सालीच जोडला गेला होता. बापलेक दोन दिवस नकाशा पसरून बसले. व्हर्न हिंदुस्थानात कधी आलेच नव्हते, सगळे वाचून लिहिलेले. पुढे सतीचा प्रसंग येतो, तो मला आवडला नाही. सतीची चाल १८२९ सालीच कायद्याने बंद झाली होती. त्या काळच्या साहेबांना आपला देश म्हणजे हत्ती आणि चिता एवढाच ठाऊक. तसे मी मुलाला सांगितलेही.

पण ज्यासाठी मी हे चरित्र निवडले ते वेगळेच आहे. व्हर्न यांना एकच मुलगा, मिशेल, १८६१ साली झालेला. तो जन्मला तेव्हा वडील प्रवासाला गेलेले. साऱ्या जगाची मुले ज्यांच्या गोष्टींसाठी वाट बघत त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र हट्टी, उधळ्या, कुणाचे न ऐकणारा निघाला. लिहिताना वडिलांना घरात आवाज खपत नसे. १८७६ साली त्यांनी त्याला मेत्रे येथील सुधारगृहात ठेवले. तरी जमेना, तेव्हा १८७८ साली सोळाव्या वर्षी त्याला उमेदवार खलाशी म्हणून जहाजावर चढवून दिले, आणि ते जहाज निघाले कुठे, तर हिंदुस्थानाकडे! बाप ज्या देशावर घरी बसून लिहीत होता तिकडे लेकाला शिक्षा म्हणून पाठविले. हे मुलीने सांगितले तेव्हा मी पोळ्या लाटीत होते. माझे लाटणे थांबले. ओनोरीनबाईंनी ते दीड वर्ष कसे काढले असेल?

त्यांची शेवटची वर्षे आमियँ ह्या गावी कष्टात गेली. १८८६ साली डोके फिरलेल्या पुतण्याने गोळी झाडली, पाय कायमचा अधू झाला. त्याच महिन्यात हेत्झेल वारले. तरी १८८८ पासून ते गावचे नगरसेवक होते. मधुमेह, मोतीबिंदू, तरी सकाळचे लिखाण चालूच. २४ मार्च १९०५ रोजी ते वारले. मागे राहिलेली हस्तलिखिते मिशेलनेच छापून काढली. त्याने त्यांत बरेच बदल केले म्हणून अभ्यासक त्याला दोष देतात. मला मात्र वाटते, वडिलांचे ओळन् ओळ त्याने वाचले असले पाहिजे, त्याशिवाय बदल करणार कसे?

आमच्याकडे आता तिसरे पुस्तक चालू आहे. ते बहुधा खाटेवर पालथे पडलेले असते. पान मुडपू नये म्हणून मी त्यात एसटीचे तिकीट घालून ठेवते. किती पाने झाली ते विचारीत नाही.