दर्यावर्दी जेम्स कुक

अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपात छापलेले जगाचे नकाशे पाहिले, तर पॅसिफिक महासागराचा दक्षिणेकडील बराच भाग त्यांत रिकामा दिसतो. न्यूझीलंडच्या जागी किनाऱ्याची एक तुटक रेघ, ऑस्ट्रेलियाची पूर्व बाजू कोरी, आणि त्याखाली कोणीही न पाहिलेला, केवळ तर्काने कल्पिलेला एक अवाढव्य भूखंड! ह्या कोऱ्या जागी खऱ्या रेघा ओढण्याचे काम ज्याने केले, तो कॅप्टन जेम्स कुक. अर्थात ती जागा कोरी होती ती युरोपातील कागदांवर. प्रत्यक्षात तेथे माणसे नांदत होती. ऑस्ट्रेलियात तर ती हजारो वर्षांपासून नांदत होती.

कुकचा जन्म २७ ऑक्टोबर १७२८ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात मार्टन ह्या खेड्यात झाला. वडील शेतमजूर होते. त्यांच्या धन्याने मुलाच्या शाळेचा खर्च सोसला, म्हणून त्यास लिहिणे-वाचणे व हिशेब आला. पुढे तो समुद्रकाठच्या एका दुकानात उमेदवारीस राहिला; परंतु तागडीपेक्षा बाहेरच्या शिडांकडेच त्याचे मन ओढ घेत असावे, कारण सुमारे दीड वर्षातच तो व्हिटबी बंदरात जाऊन कोळसा वाहणाऱ्या गलबतावर चढला. फावल्या वेळी तो गणित व नौकानयनाचा अभ्यास करी. १७५५ मध्ये एका गलबताची कप्तानी हाती येत असता ती नाकारून तो आरमारात साधा खलाशी म्हणून दाखल झाला. तेथे कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी व न्यूफाउंडलंडचा किनारा त्याने इतक्या काटेकोरपणे मोजला, की वरिष्ठांचे लक्ष ह्या अबोल माणसाकडे गेले.

१७६९ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. त्याचे वेध दूरदूरच्या ठिकाणांहून घेतले, तर पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येईल, असा विद्वानांचा हिशेब होता. त्यासाठी ताहिती बेटावर जाणाऱ्या ‘एन्डेव्हर’ गलबताचे नेतृत्व कुककडे आले. हे गलबतही मूळचे व्हिटबीचे, कोळसा वाहणारेच! ऑगस्ट १७६८ मध्ये ते इंग्लंडहून निघाले.

कुकजवळ दुसरा एक गुप्त आदेश होता. वेध आटोपल्यावर त्याने दक्षिणेकडील भूखंडाचा शोध करावा आणि तेथील रहिवाशांची संमती घेऊन सोयीच्या जागा राजाच्या नावे ताब्यात घ्याव्या, असे त्यात होते. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनीही त्यास लेखी सल्ला दिला होता, की ते लोक आपापल्या भूमीचे खरे मालक आहेत, हे विसरू नये. विद्यार्थ्यांनी ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

३ जून १७६९ रोजी ताहितीवर वेध घेण्यात आले. तेथून तुपाया नावाचा एक विद्वान पुरोहित व दर्यावर्दी गलबतावर आला. होकायंत्रावाचून, तारे आणि लाटांच्या दिशा पाहून दूरच्या बेटांना जाणारे जे लोक होते, त्यांतील तो एक. शेकडो कोस दूर गेल्यावरही ताहिती कोणत्या दिशेस आहे हे तो अचूक दाखवी. न्यूझीलंडच्या माओरी लोकांस त्याची भाषा समजली, हे कुकचे भाग्यच. तरीही पहिल्याच दिवशी खलाशांच्या गोळीने एक माओरी पुरुष ठार झाला, आणि पुढील दोन दिवसांत आणखी कित्येक. कुकला ह्या रक्तपाताची खंत वाटली. तसे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मग सहा महिने त्या बेटांभोवती फिरून त्याने असा नकाशा काढला, की त्यातील चुका बोटांवर मोजाव्या.

२९ एप्रिल १७७० रोजी तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बॉटनी बे येथे उतरू लागला. किनाऱ्यावर ग्वीगल जमातीचे दोन पुरुष भाले उगारून उभे राहिले. एवढ्या मोठ्या गलबतासमोर दोघेच, पण हटेनात. बंदुकीचे बार झाले, एकास छर्रे लागले, तेव्हा कोठे ते मागे सरले. गोऱ्यांनी तेथील झोपड्यांतून सुमारे चाळीस भाले उचलून नेले.

पुढे ११ जूनच्या रात्री ‘एन्डेव्हर’ पोवळ्यांच्या खडकावर आदळले. सहा तोफा समुद्रात फेकल्या, पाणी उपसता उपसता माणसे थकून कोसळली. शेवटी लोकर व दोराच्या पिंजणाने भरलेले शीड भोकावर ओढून गलबत कसेबसे एका नदीच्या मुखाशी आणले. दुरुस्तीस जवळजवळ सात आठवडे लागले. तेथील गुगु यिमिथिर लोक हळूहळू जवळ येऊ लागले. कांगारू हा शब्द जगाला मिळाला तो त्यांच्याच भाषेतून.

एके दिवशी त्यांना गलबतावर डझनभर कासवे दिसली. त्यांतील एक त्यांनी मागितले. नकार मिळाला. त्यांनी ते ओढून नेण्याचा प्रयत्न केला, तोही अडविण्यात आला. तेव्हा किनाऱ्यावर जाऊन त्यांनी छावणीभोवतीचे वाळलेले गवत पेटवून दिले. कुकने छर्रे झाडले व एकजण जखमी झाला. थोड्या वेळाने एक वृद्ध माणूस टोक मोडलेला भाला हाती घेऊन पुढे आला आणि तंटा मिटला. कासवे त्यांच्या पाण्यातली होती. पाहुण्यांनी ती न विचारता धरली होती. आपल्या विहिरीवर कोणी न विचारता मोट लावली, तर आपण काय करू? कुक विचारी होता. हे लोक गरीब दिसले तरी युरोपीयांहून सुखी आहेत, असेही त्याने लिहिले. पण त्यांची संमती मागावी, हे त्यास सुचले नाही. २२ ऑगस्ट १७७० रोजी उत्तर टोकाजवळच्या एका लहानशा बेटावर निशाण उभारून त्याने सारा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाचा म्हणून जाहीर केला.

परतीच्या वाटेवर बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, येथे हिवताप व हगवणीने माणसे आजारी पडली. तुपाया तेथेच मरण पावला. बटाव्हियात आणि तेथून आफ्रिकेच्या टोकाकडे येताना सुमारे तीस जण दगावले.

दुसऱ्या सफरीत (१७७२ ते १७७५) त्याने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले आणि तो सुपीक भूखंड कोठेही नाही हे सिद्ध केले. ताजी भाजी व स्वच्छता ह्यांविषयी तो इतका कडक होता, की तीन वर्षांत त्याच्या गलबतावर स्कर्व्हीने एकही माणूस मेला नाही.

तिसऱ्या सफरीत मात्र हा शांत माणूस चिडखोर झालेला दिसतो. एका चोरलेल्या बकरीपायी त्याने मूरेआ बेटावरील घरे व होड्या जाळल्या. फेब्रुवारी १७७९ मध्ये हवाई बेटावर त्याची एक होडी चोरीस गेली. ती परत मिळावी म्हणून तो तेथील राजालाच ओलीस धरावयास निघाला. जमाव खवळला, आणि १४ फेब्रुवारी रोजी किनाऱ्यावर झालेल्या झटापटीत कुक मारला गेला. त्याचे वय पन्नास वर्षांचे होते. त्याची पत्नी एलिझाबेथ १८३५ पर्यंत जगली. सहाही अपत्यांचा मृत्यू तिने पाहिला.

कुकच्या नकाशांमागून इतर गलबते आली. जानेवारी १७८८ मध्ये सातशेंहून अधिक बंदिवानांसह अकरा गलबते बॉटनी बे येथे पोहोचली व जवळच सिडनीची वसाहत सुरू झाली. पुढील वर्षी देवीच्या साथीत त्या परिसरातील जवळजवळ निम्मे मूळ रहिवासी मेले. ती भूमी कोणाचीच नव्हती, असे कायदा मानीत राहिला. तो समज चुकीचा होता, हे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले ते १९९२ साली.

बॉटनी बे येथून नेलेल्या भाल्यांपैकी चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजाकडे दोनशे पन्नासांहून अधिक वर्षे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते त्या लोकांच्या वंशजांस परत देण्यात आले.