मेरीच्या आधीचे पिअर क्युरी

क्युरी म्हटलं की आपल्याला आधी मेरी आठवते, मग रेडियम. पिअर बिचारे तिसरे!

त्यांचा जन्म १५ मे १८५९ चा, पॅरिसचा. शाळेत ते कधी गेलेच नाहीत; डॉक्टर वडिलांनी घरीच शिकवलं. १८८० मध्ये, म्हणजे जवळपास आपल्याच वयात, थोरला भाऊ जाक याच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते. आपल्या भुसावळच्या मेसमधला गॅस लायटर टक् करतो, तो याच तत्त्वावर. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध केलं: वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलतो.

सोनोग्राफीचा प्रोब हेच करतो. थरथरून ध्वनिलहरी सोडतो, परतलेल्या पकडतो. आता तो मिटलेल्या पापणीवर ठेवून डोळ्यामागच्या नसेचं आवरण मोजतात. कवटीतला दाब वाढला की ते फुगतं. साधारण ५ मिलिमीटरच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. आणि हे कवटीला भोक न पाडता!

१९०३ ला नोबेल मिळालं. १९ एप्रिल १९०६ ला पॅरिसमध्ये पाऊस होता. रस्ता ओलांडताना पिअर पडले आणि घोडागाडीचं चाक डोक्यावरून गेलं. कवटीच फुटली, तिथे कुठलंच मशीन कामाला आलं नसतं. वय होतं ४६.