लिनियस यांच्या रानफेऱ्या

कार्ल लिनियस यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी झाला. वडील निल्स पाद्री होते, पण त्यांचा जीव बागेत रमे. छोटा कार्ल फुलांची नावे विचारी आणि लगेच विसरून जाई. विसरणार असशील तर पुन्हा सांगणार नाही, अशी तंबी वडिलांनी दिली आणि मुलगा नावे लक्षात ठेवू लागला.

त्या काळी बहुतेक औषधे झाडपाल्याची असत, त्यामुळे डॉक्टर होणाऱ्याला वनस्पतींची ओळख असावीच लागे. लिनियस १७२७ मध्ये लुंड येथे आणि पुढच्या वर्षी उप्साला विद्यापीठात वैद्यक शिकायला गेले ते या ओढीनेच.

१७३२ मध्ये ते एकटेच लॅपलँडच्या प्रवासाला निघाले. आज फिनलंडमध्ये असलेल्या तोर्नियो गावात दर वसंतात गुरे दगावत होती आणि कारण कोणालाच उमगत नव्हते. लिनियस थेट कुरणात गेले. तेथील ओलसर जमिनीत त्यांना गाजराच्या कुळातील सिकुटा ही अत्यंत विषारी वनस्पती सापडली. हिवाळाभर गोठ्यात बांधलेली भुकेली गुरे पहिल्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडत आणि त्यासोबत हे विषही खात. ही झाडे उपटून काढा, असा साधा उपाय त्यांनी सुचवला. गावात वर्षानुवर्षे उगवणारे झाड कोणी नीट पाहिलेच नव्हते.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. १७३५ मध्ये हॉलंडमध्ये डॉक्टरकीची पदवी घेताना त्यांनी हिवतापावर प्रबंध लिहिला आणि रोगाचे कारण चिकणमातीच्या जमिनीत शोधले. अशा भागात ताप जास्त आढळतो, हे निरीक्षण त्यामागे होते. मात्र निष्कर्ष चुकला. हिवतापाचा परजीवी सापडायला १८८० साल उजाडावे लागले.

१७४१ मध्ये ते उप्सालाला वैद्यकाचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्या रानफेऱ्या गाजू लागल्या. गावाभोवती त्यांनी आठ वाटा ठरवल्या होत्या. सैल कपडे आणि रुंद काठाच्या टोप्या घालून विद्यार्थी सकाळीच निघत. कधी कधी त्यांची संख्या दीडशेच्याही पुढे जाई. एकजण नोंदी लिहून घेई, दुसरा शिस्त राखी, काहींकडे पक्षी टिपण्याचे काम असे. ठरावीक ठिकाणी थांबून गुरुजी गोळा झालेली झाडे, कीटक, पक्षी आणि दगड यांची माहिती देत. संध्याकाळी शिंगे आणि नगारे वाजवत, निशाणे नाचवत ही मिरवणूक गावात परते. विद्यापीठातील वरिष्ठांना हा थाट रुचला नाही आणि १७४८ मध्ये त्याला आवर घालावा लागला.

याच रानातील कामातून एक मोठी सोय पुढे आली. त्या वेळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णन असे. कोणते जनावर कोणती वनस्पती खाते आणि कोणती टाळते, याची पाहणी विद्यार्थ्यांनी केली. १७४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सोयीसाठी दोन शब्दांची आटोपशीर नावे वापरली होती. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात लिनियस यांनी ती पद्धत सर्व वनस्पतींना लागू केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपला वड फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि आंबा मँजिफेरा इंडिका झाला तो याच ग्रंथात.

लिनियस भारतात कधी आले नाहीत. इथल्या वनस्पतींसाठी त्यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा आधार घेतला. सतराव्या शतकात कोचीनला तयार झालेल्या त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अपू भट हे तीन कोकणी विद्वान होते. म्हणजे युरोपने घेतलेल्या नावांमागे इथली पारखही होती.

वर्गीकरणाचा हाच सोस त्यांना माणसांपर्यंत घेऊन गेला. खंड आणि रंगानुसार माणसांचे गट पाडून त्यांनी प्रत्येकाला स्वभाव चिकटवले. पुढे वंशभेदाच्या कल्पनांना त्याचा आधार मिळाला.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. १७७४ पासून पक्षाघाताचे झटके आले, बोलणे आणि स्मृती मंदावली. अखेरीस त्यांना स्वतःचे नावही आठवत नसे, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वाटा मात्र पुन्हा शोधून खुणा लावून ठेवल्या आहेत. आजही लोक त्यांवरून चालतात, वाकून एखादे रोपटे न्याहाळतात आणि त्याचे नाव विचारतात.