अहिल्याबाईंचा उतारवयातील शोक

धारहून दक्षिणेकडे विंध्याचा उतार उतरून धामनोदवरून पुढे गेले की नर्मदेच्या काठी महेश्वर लागते. माळव्यातील आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी तेथील घाट पाहिले असतील, वाड्यातील अहिल्याबाई होळकरांची साधी बैठकही पाहिली असेल. धार व देवास येथे पवार, उज्जैनीस शिंदे आणि इंदूरकडे होळकर अशी मराठी घराणी अठराव्या शतकात या मुलखात रुजली. त्या सर्वांत अहिल्याबाईंइतके नाव क्वचितच कोणाचे झाले असेल. त्यांनी बांधलेली देवळे, घाट व धर्मशाळा यांविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, म्हणून ती यादी येथे देत नाही. वय वाढते तशी घरातील माणसे एकेक करून निघून जातात आणि मागे राहिलेल्याला रोजची सकाळ उजाडतेच. हा अनुभव ज्यांना आला आहे त्यांनी हे चरित्र त्या बाजूने एकदा पाहावे, एवढेच आम्हांला वाटते.

अहिल्याबाईंचा जन्म 1725 साली जामखेडजवळ चौंडी या गावी, माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. (त्या जिल्ह्याला 2024 साली त्यांचेच नाव देण्यात आले.) मल्हारराव होळकरांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह लहानपणीच झाला. मालेराव व मुक्ताबाई ही त्यांना दोन मुले.

1754 साली भरतपूरजवळ कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडविले. माझा मुलगा गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असे सासऱ्याने आपल्या सुनेला विनविले आणि सून थांबली. ही विनवणी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सदतीस वर्षांनी ती पुन्हा झाली.

1766 साली मल्हारराव वारले. मालेराव गादीवर आले, पण वर्षभरातच त्यांच्या चित्ताचा तोल गेला आणि 1767 साली तेही गेले. मुलाच्या उशाशी आई रात्रंदिवस बसून होती अशी हकीकत मालकम साहेबांनी लिहून ठेवली आहे. सर जॉन मालकम 1818 नंतर माळव्यात होते, आणि अहिल्याबाईंची आठवण असलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकून मालकम यांनी 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुष्कळ मजकूर घेतला. पुढे जे आम्ही सांगतो ते मुख्यत्वे त्यांच्याच आधाराने.

यानंतर अठ्ठावीस वर्षे कारभार अहिल्याबाईंच्या हाती होता. फौज तुकोजी होळकरांकडे. तुकोजी वयाने मोठे असूनही त्यांना आई म्हणत. पहाटे उजाडण्याच्या आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे शाकाहारी जेवण, दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, पुन्हा पूजा व फराळ आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत काम, असा त्यांचा दिवस असे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकावयास लावला.

घरात आता मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू नथ्याबा. आजीचा जीव या नातवावर होता. तो तरुणपणीच वारला. त्यानंतर सुमारे वर्षाने, 1791 साली, यशवंतरावही गेले, आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

अहिल्याबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. ज्यांच्या शब्दावर माळवा चालत असे त्या बाईंनी मुलीपुढे लोटांगण घातले आणि आपल्याला जगात एकटे टाकून जाऊ नकोस म्हणून देवाची शपथ घातली. मुक्ताबाईंचे उत्तर शांत व प्रेमळ होते, पण निश्चय ढळला नाही. आई, तू आता वृद्ध झालीस, थोड्या वर्षांत तुझे पुण्यशील आयुष्य संपेल. नवरा गेला, एकुलता मुलगा गेला, तूही गेल्यावर मला जगणे असह्य होईल, आणि मानाने जाण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असेल, असा त्या उत्तराचा आशय होता. आईचे म्हातारपण हीच मुलीच्या म्हणण्यातली सर्वांत बळकट बाजू ठरली. मल्हाररावांचे म्हातारपण पाहून सून थांबली होती. आईचे म्हातारपण पाहून मुलगी थांबली नाही.

त्यांनी हुकूम काढून मुलीला का अडविले नाही, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. आम्हांलाही पडतो. कंपनी सरकारने आपल्या मुलखात सतीबंदीचा कायदा केला तो 1829 साली. ज्या चालीला त्या स्वतः एकदा सिद्ध झाल्या होत्या ती मोडण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नसावे. पण या तर्काने मन भरत नाही, हेही खरे.

अहिल्याबाई यात्रेबरोबर पायी चालत गेल्या आणि चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. पहिली ज्वाळा उठेपर्यंत त्या कशाबशा स्थिर होत्या. मग किंकाळ्या फुटल्या, आणि सोडवता न येणाऱ्या आपल्याच हातांना त्या चावू लागल्या. काही चरित्रकार हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात. साध्वीच्या चित्राला तो शोभत नाही असे त्यांना वाटत असावे. आम्हांला तसे वाटत नाही. आयुष्यभर भक्ती केलेल्या माणसालाही असे तुटावे लागते, हे झाकण्यासारखे नाही.

नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस जवळजवळ अन्न नाही, तोंडातून शब्द नाही. नंतर त्यांनी जे पहिले काम मनावर घेतले ते मुलीच्या स्मारकाचे. त्याच्यासारखे सुबक काम अलीकडच्या इमारतींत थोडेच सापडेल, असा मालकम यांचा अभिप्राय आहे.

पुढे पावणेचार वर्षे त्या जगल्या. ती सुखाची नव्हती. 1793 साली लाखेरीस होळकरांच्या फौजेचा शिंद्यांकडून पराभव झाला, म्हणजे आपल्याच माणसांकडून. दुसऱ्या वर्षी महादजी शिंदे वारले. बरोबरीची पिढी अशी सरत होती. महेश्वरात मात्र कामकाज चालूच राहिले. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यास रस्त्यावर माणसे नेमलेली असत, आणि ती नांगराला जुंपलेल्या बैलांनाही पाणी पाजीत. थंडीत दुबळ्यांना कपडे मिळत. शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी सोडली जात. हिशेबी कारभाऱ्यांना हा खर्च कसा वाटत असेल कोण जाणे!

या सवयी जुन्याच होत्या, दुःखानंतर नव्याने लावून घेतलेल्या नव्हत्या. सकाळची पूजा, दुपारचा दरबार व रात्रीचे दोन तास ठरलेले होते, आणि मुक्ताबाईंनंतरच्या रिकाम्या वाड्यात त्यांना जावयाला तेवढी एक वाट होती. उपवास मात्र त्यांनी वय झाले तरी सोडले नाहीत. त्यांनीच शरीर लवकर थकले असे काहींचे म्हणणे पडले.

13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. वय सत्तर वर्षांचे होते. पती, सासरा, मुलगा, नातू, जावई व मुलगी ही सारी त्यांच्या आधी गेली होती. गादीवर त्यांच्यामागे तुकोजी आले, तेही दोनच वर्षांनी वारले.