लेणं नंबर शून्य शोधायला गेलात तर? मोबाईलच्या पोटातल्या ‘सी’ भाषेची आणि डेनिस रिचींची गोष्ट

वेरूळला प्रत्येक लेण्याला नंबर आहे. १ ते ३४. कुणी हातात ‘१६’ लिहिलेली चिठ्ठी दिली, तर तुम्ही थेट कैलास लेण्यासमोर पोहोचता. पण चिठ्ठीवर ‘०’ लिहिलेलं असेल तर?

माणूस हसेल आणि चिठ्ठी फेकून देईल. कॉम्प्युटर मात्र निमूट शून्य नंबरचं लेणं शोधायला निघतो आणि चालू असलेला प्रोग्राम कोसळतो.

या चुकीला ‘नल पॉइंटर एरर’ म्हणतात. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. नल पॉइंटर म्हणजे चिठ्ठी आहे, पण तिच्यावर कुठलाच पत्ता नाही. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणली आणि पुढे आपली ती मोठी चूक होती, अशी जाहीर कबुलीही दिली. पण पॉइंटर जगभरच्या प्रोग्रामरच्या हातात दिले ते ‘सी’ भाषेनं. तिचे जनक डेनिस रिची.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. मुलगा हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकला, मग गणितात पीएचडीचा प्रबंधही लिहिला. पण प्रबंधाची बाइंडिंग केलेली प्रत त्यांनी जमाच केली नाही, त्यामुळे डॉक्टरेट कधी मिळालीच नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये रुजू झाले.

तिथं केन थॉम्पसन यांच्यासोबत ‘युनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहिली. झालं असं, की तेव्हा अशा सिस्टीम मशीनच्याच भाषेत लिहायच्या. मशीन बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावर उपाय म्हणून रिचींनी १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्यानं लिहिला गेला.

युनिक्सच्या त्या सुरुवातीच्या पीडीपी-११ मशीनची मेमरी होती अवघी २४ किलोबाइट. आज मोबाईलमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत भाषेनंच पावलापावलावर तपासणी करत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून सीनं प्रोग्रामरवर विश्वास टाकला. छिन्नी हातात दिली, घाव कुठं घालायचा ते तुम्ही ठरवा. वेग मिळाला, पण चिठ्ठी कोरी आहे का, हे बघायची जबाबदारी माणसावर आली.

मग ही चूक पकडायची कशी?

पहिला उपाय अगदी साधा. चिठ्ठी वापरण्याआधी उघडून बघा. सीमध्ये प्रोग्रामनं मेमरी मागितली आणि ती शिल्लक नसेल, तर उत्तरात नल मिळतो. तो न तपासता पुढं गेलात की संपलं.

दुसरा उपाय रिचींच्याच सहकाऱ्यानं दिला. स्टीव्ह जॉन्सन यांनी बेल लॅब्समध्ये ‘लिंट’ नावाचा प्रोग्राम तयार केला. कोड न चालवता, नुसता वाचून तो संशयास्पद जागा दाखवायचा. आज याच वाटेनं जाणारी साधनं नल पॉइंटरचा माग काढतात.

तिसरा उपाय म्हणजे प्रोग्राम चालू असताना पहारा ठेवणं. व्हॅलग्राइंड, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर ही साधनं कोणत्या ओळीवर घात झाला ते सांगतात. शिवाय आजच्या ऑपरेटिंग सिस्टीम शून्य पत्त्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. तिथं पाय टाकला की प्रोग्राम तिथल्या तिथं बंद. हे बरंच म्हणायचं. कारण काही जुन्या मशीनवर शून्य पत्त्यावरूनही काहीतरी वाचता यायचं आणि चूक महिनोन् महिने लपून राहू शकायची.

इतकं सगळं असूनही चूक होतेच. १२ जून २०२५ ला गुगल क्लाउड जगभर काही तास कोलमडलं. कारण? नियमांच्या माहितीत काही रकाने रिकामे राहिले, ते वाचणाऱ्या नव्या कोडमध्ये नलची तपासणी नव्हती. तो कोड दोन आठवड्यांपूर्वीच बसवलेला होता, फक्त त्या वाटेनं तोवर कुणी गेलंच नव्हतं.

रिचींना थॉम्पसन यांच्यासोबत १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ब्रायन कर्निगन यांच्यासोबत १९७८ मध्ये लिहिलेलं त्यांचं सीवरचं पुस्तक प्रोग्रामरच्या पिढ्यांनी वाचलं. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेले आणि सगळं जग हळहळलं. आठवडाभरानं, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या घरात एकटे राहणारे सत्तर वर्षांचे रिची मृतावस्थेत आढळले. त्याची फारशी चर्चा झाली नाही. खरं तर आयफोनच्या सिस्टीमचं मूळही युनिक्समध्येच आहे. अँड्रॉइडचा गाभा असलेलं लिनक्स तर सीमध्येच लिहिलेलं आहे.

म्हणजे कैलास लेण्यासमोर तुम्ही सेल्फी काढता, तेव्हा फोनच्या पोटात रिचींची भाषा राबत असते. आणि तो सेल्फी नीट निघतो, कारण कुणीतरी चिठ्ठी आधी उघडून बघितलेली असते.