भिडेवाड्यातील शाळा आणि तिचे दप्तर

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. तो पाडण्यामागे वास्तू पुसून टाकण्याचा नव्हे, तर तेथे स्मारक उभारण्याचा हेतू होता. वाड्यातील गाळेधारक आणि महानगरपालिका यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निकालात निघाला. तोवर ही वास्तू इतकी जीर्ण झाली होती की जतन करण्यासारखे तेथे फारसे काही उरले नव्हते. ज्या शाळेमुळे हा वाडा इतिहासात गेला, तिची आठवण मग कोठे टिकून राहिली, हा प्रश्न सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राकडे पाहताना मनात येतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविले आणि पुढील अभ्यासाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर या स्नेह्यांनी उचलली. जिला स्वतःला शाळा मिळाली नाही, ती अठरा वर्षे वयाच्या आतच शिक्षिका झाली. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्यापूर्वीही होत्या. परंतु येथील माणसांनी, येथील मुलींसाठी, धर्मांतराचा हेतू न ठेवता चालविलेली शाळा ही पुण्यात नवीच गोष्ट होती.

तिची किंमतही लगेच मोजावी लागली. १८४९ मध्ये सासरे गोविंदराव यांनी लोकनिंदेच्या दडपणाखाली मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. पहिली शाळा काही महिन्यांतच खंडित झाली. तरीही ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा पुन्हा उभी राहिली. १७ सप्टेंबर रोजी रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही वर्ग सुरू झाले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

एवढे तपशील आज ठामपणे सांगता येतात याचे कारण भिडेवाड्याच्या भिंती नव्हेत. त्या काळी शाळा वर्गणीवर आणि दक्षिणा फंडातून मिळणाऱ्या साहाय्यावर चालत. देणगीदाराला हिशेब द्यावा लागे, सरकारला अहवाल पाठवावा लागे, परीक्षा चारचौघांत घ्याव्या लागत आणि त्यांची वार्ता वर्तमानपत्रांत छापून येई. पैशाच्या गरजेपोटी जे कागद निर्माण झाले, तेच पुढे इतिहासाची साधने ठरले. शाळेची सर्वांत मोलाची खूण तर एका विद्यार्थिनीने मागे ठेवली. मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत काय शिकविले जात होते, हे त्या निबंधाइतके कोणताही अहवाल सांगू शकत नाही.

ज्याची नोंद झाली नाही ते मात्र हरपले. मुक्तेबरोबर बाकांवर बसणाऱ्या बहुतेक मुलींची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. फातिमा शेख यांचे उदाहरण याहून बोलके आहे. सावित्रीबाई आजारपणात माहेरी असताना त्यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतीरावांना पाठविलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे. एका सहकारिणीची स्मृती अशा ओझरत्या उल्लेखाच्या आधाराने शतकभराहून अधिक काळ तग धरून राहते आणि कागद तुटपुंजे म्हणून तिच्याविषयी वादही माजतात.

या शाळांशी फुले दांपत्याचा संबंध सुटला कसा, हेही पुरेसे कळत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी पत्नीच्या सहभागाचा उल्लेख करून नऊ-दहा वर्षांनंतर आपण या कामातून दूर झालो असे नमूद केले. कारणे सांगण्याची आवश्यकता नाही, एवढेच म्हणून ते पुढे गेले. शाळा समितीमार्फत शिक्षणखात्याकडे सोपविल्या गेल्या होत्या आणि त्या वर्षीही चालू होत्या. त्यागाच्या माणसांना स्वतःविषयी फार लिहावेसे वाटत नाही. इतिहासाला ते महागात पडते.

सावित्रीबाईंचे काम शाळेपुरते उरले नाही. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ मध्ये स्थापन झालेला सत्यशोधक समाज, १८७६-७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रे या सर्वांत त्यांनी कष्ट उपसले. जोतीरावांच्या निधनानंतर १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.

त्यानंतरची अनेक दशके समाजाने त्यांना जवळजवळ विसरून काढली. मा. गो. माळी यांनी संपादिलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे त्यांचा आवाज सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हा सन्मान उचितच. पण त्याच्या पायाशी जपलेली पत्रे, जुनी वर्तमानपत्रे आणि अहवाल आहेत, हे विसरता कामा नये.

या चरित्रातून घ्यावयाचा धडा केवळ पुण्याच्या पेठांपुरता नाही. शहराच्या वाढीने वेढल्या जाणाऱ्या मुळशी तालुक्यातील नांद्यासारख्या गावांनाही तो लागू आहे. शाळेची इमारत जुनी झाली की पाडली जाते आणि पट घटला की शाळाच बंद होते. हे सर्वच ठिकाणी टाळता येणार नाही. टाळता येण्याजोगे एवढेच आहे की इमारतीबरोबर दप्तरही रद्दीत जाऊ नये. दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, तपासनिसांचे शेरे, वर्गाची छायाचित्रे, वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या तोंडच्या आठवणी हे सारे जपण्यास मोठा निधी लागत नाही. एखादे कपाट, एखादा आस्थेवाईक शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरतो. गावात शाळेत गेलेली पहिली मुलगी कोण, याचे उत्तर त्या रजिस्टरच्या पिवळ्या पानावरच सापडण्याचा संभव असतो. ते पान वाळवीच्या हाती सोपवून स्मारकांवर हार घालण्यात सावित्रीबाईंचा गौरव होत नाही.